लंडनमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचे कुठे?

न्यू जर्सीत स्थायिक झालेला एखादा सॉफ्टवेअर अभियंता तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे लंडनला येतो. एक आठवडा रजेचा, उरलेले दोन आठवडे 'तिथूनच काम करीन' असे साहेबांना सांगून मिळवलेले. दुबईत वित्तीय सल्लागार असलेली एखादी आई मुलाला विद्यापीठात सोडायला येते आणि वसतिगृहाची व्यवस्था लागेपर्यंत थांबते. तिचेही कार्यालय लॅपटॉपमध्येच असते. पुण्यातील कंपनीचा प्रकल्प सांभाळणारे कोणी भाचीच्या लग्नाला येतात आणि लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत बैठकांना हजेरी लावतात. परदेशस्थ मराठी कुटुंबांत हे आता नित्याचे झाले आहे. नित्याची झालेली दुसरी गोष्ट म्हणजे यजमानांचे घर. दोन खोल्यांच्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर मेव्हण्यांचा लॅपटॉप आधीच मांडलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडतो आणि त्याच्यापुढे साधा वाटणारा प्रश्न उभा राहतो: बसायचे कुठे?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. परक्या शहरात बसण्याची जागा कोणाच्या खर्चाने मिळते, कोणत्या अटीवर मिळते आणि ती किती काळ टिकेल, हे तीन मुद्दे त्यात गुंतलेले आहेत. लंडनच्या बाबतीत त्यांची उत्तरे बारकाईने पाहण्याजोगी आहेत.

आधी परवान्याचे

जागेच्या आधी कायदा येतो. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून आलेल्या व्यक्तीने परदेशातील आपल्या नोकरीचे काम येथून करावे की नाही, याबाबत बराच काळ संदिग्धता होती. लोक ईमेल पाहत, बैठकांना बसत आणि विमानतळावर मात्र 'फिरायला आलो' एवढेच सांगत. ३१ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ही संदिग्धता बऱ्याच अंशी दूर केली. अभ्यागताला परदेशातील नोकरीशी संबंधित काम ब्रिटनमध्ये राहून दूरस्थ पद्धतीने करता येते. अट अशी की, ते काम हा भेटीचा मुख्य हेतू असता कामा नये. बहिणीला भेटायला येऊन दुपारी काम करणे नियमात बसते. लंडनला राहून काम करायचे म्हणूनच येणे बसत नाही. ब्रिटिश कंपनीत नोकरी धरणे किंवा तेथील ग्राहकाला थेट सेवा विकणे हा तर वेगळाच विषय आहे, आणि अभ्यागताला त्याची मुभा नाही.

भारतीय पारपत्रधारकाला यासाठी अभ्यागत व्हिसा लागतो. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला व्हिसा लागत नाही; मात्र जानेवारी २०२५ पासून प्रवासापूर्वी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना घ्यावा लागतो. दोघांनाही एका भेटीत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते, म्हणून तेवढे दिवस निश्चिंतपणे काम करावे असा त्याचा अर्थ नव्हे. एका करवर्षात १८३ दिवस वास्तव्य झाले की ब्रिटन त्या व्यक्तीला करनिवासी मानतो, आणि घर, कुटुंब, काम असे धागे ब्रिटनशी जुळलेले असतील तर त्याहून कमी दिवसांतही ती वेळ येऊ शकते.

पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ पासून दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला आणि त्यासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची अट घातली. दुबईने २०२० मध्येच अशा लोकांसाठी वर्षभराची योजना आणली. ब्रिटनने तसा व्हिसा काढलेला नाही. लंडन दूरस्थ कर्मचाऱ्याला बोलावत नाही. आलेल्या पाहुण्याने थोडे काम केले तर हरकत घेत नाही, इतकेच. हा फरक मनात ठेवला तर पुढचे बरेचसे समजणे सोपे जाते, कारण शहरातील जागांचे धोरणही साधारण याच स्वभावाचे आहे.

कॅफेचे गणित

पहिला पर्याय सुचतो तो कॅफेचा. त्यामागे इतिहासही आहे. सतराव्या शतकातील लंडनच्या कॉफीगृहांत एका पेनीत कॉफी, वर्तमानपत्र आणि चर्चा मिळे. एडवर्ड लॉईड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक आणि विमा उतरवणारे बसत. त्यातूनच पुढे लॉईड्स ही जगप्रसिद्ध विमा बाजारपेठ उभी राहिली. जोनाथनच्या कॉफीगृहातील समभागांच्या सौद्यांतून शेअर बाजार आकाराला आला. या बैठकांतून राजद्रोह शिजतो अशा संशयाने दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरमध्ये कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले आणि विरोध पाहून काही दिवसांतच मागे घेतले. कॉफीगृहात बसून धंदा करणे ही लंडनची जुनीच रीत आहे.

पण त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या धंद्यातून कॉफीगृहाला वर्दळ मिळत असे. लॅपटॉपवर मान घालून बसलेल्या माणसामुळे वर्दळ वाढत नाही, खुर्ची अडते. हिशेब मांडून पाहावा. कॉफीचा पेला चार पौंडांचा धरला, तर गरम पेयावरील २० टक्के मूल्यवर्धित कर वजा जाता मालकाच्या हाती सुमारे ३ पौंड ३३ पेन्स राहतात. गिऱ्हाईक तीन तास बसले तर एका खुर्चीचे ताशी उत्पन्न १ पौंड ११ पेन्स झाले. यातून भाडे, वीज, दूध, कॉफी आणि पगार भागवायचा. एप्रिल २०२५ मध्ये प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झाले. त्याच महिन्यात मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला आणि दुकाने व उपाहारगृहांना स्थानिक मालमत्ता करात मिळणारी सवलत ७५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. त्याआधी दोनच महिने अराबिका कॉफीच्या जागतिक भावाने उच्चांक गाठला होता.

या पार्श्वभूमीवर लंडनच्या अनेक कॅफेंत 'शनिवार-रविवारी लॅपटॉप नको', 'या टेबलांवर लॅपटॉप नको' अशा पाट्या दिसू लागल्या, तर त्यात नवल नाही. काही ठिकाणी विजेचे सॉकेट झाकलेले असतात, काही ठिकाणी वाय-फाय तासाभराने तुटते. मुंबई-पुण्यातील इराण्याच्या हॉटेलातील सूचनांचे फलक पाहिलेल्या मराठी माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. काच आणि संगमरवराच्या टेबलावर एका चहात तासन्‌तास बसणाऱ्यांचे करायचे काय, हा इराण्यांपुढचाच प्रश्न आता सर्वत्र आला आहे. स्टारबक्सने २०१८ मध्ये काही न घेणाऱ्यांनाही बसू देण्याचे धोरण स्वीकारले होते. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेतील आपल्या दुकानांसाठी ते मागे घेतले. दक्षिण कोरियात तर याच कंपनीला २०२५ मध्ये ग्राहकांना विनंती करावी लागली की, डेस्कटॉप संगणक आणि प्रिंटर घेऊन येऊ नका.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कार्यालय यांपलीकडच्या 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. गप्पा, ओळखीपाळखी आणि निवांतपणा हे तिचे प्राण. लॅपटॉपधारी पाहुणा नेमके उलटे करतो: तिसऱ्या जागेचे रूपांतर दुसऱ्या जागेत, म्हणजे कार्यालयात करतो. कॅफेमालकाची नाराजी केवळ पैशाची नसते ती यामुळे. म्हणून लंडनमध्ये कॅफे तासा-दीड तासाच्या किरकोळ कामासाठी, गर्दीची वेळ टाळून आणि बरोबर खायलाही काही मागवून वापरावे. आठ तासांचा दिवस तेथे काढण्याचा विचार सोडून द्यावा.

सार्वजनिक वास्तूंची श्रीमंती

आठ तासांच्या दिवसासाठी लंडनकडे याहून चांगले उत्तर आहे आणि ते बहुतेक पर्यटकांच्या नजरेतून सुटते. ते म्हणजे सार्वजनिक किंवा धर्मादाय पैशावर उभ्या असलेल्या वास्तू.

यांत पहिले नाव ब्रिटिश लायब्ररीचे. सेंट पँक्रास स्थानकाशेजारची ही लाल विटांची इमारत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाचकांसाठी खुली झाली. तिचे दोन भाग समजून घेतले पाहिजेत. वाचनकक्षांत जाण्यासाठी ओळख आणि पत्ता यांचे पुरावे दाखवून वाचकपत्र काढावे लागते. ते मोफत असते. आत लॅपटॉप चालतो, शाई चालत नाही, खाणेपिणे आणि फोनवर बोलणे तर नाहीच. वाचनकक्षांच्या बाहेर, मजल्यामजल्यांवरील मोकळ्या जागांत मांडलेल्या टेबलांना मात्र कोणतेही पत्र लागत नाही. तेथे वाय-फाय आहे, वीज आहे आणि आजूबाजूचे सगळेच कामात असल्यामुळे मनही लागते. अडचण एकच: दुपारी बाराच्या सुमारास गेलेल्याला जागा मिळणे कठीण. इमारत उघडताच पोहोचणाऱ्याची सोय होते. परीक्षांच्या दिवसांत तर त्याचीच होते.

जागा न मिळाल्यास त्याच युस्टन रस्त्याने चालत दहा-पंधरा मिनिटांवर वेलकम कलेक्शन आहे. वैद्यक आणि मानवी जीवन यांना वाहिलेले हे संग्रहालय धर्मादाय निधीवर चालते. त्याचा वाचनकक्ष निम्मा ग्रंथालय, निम्मा प्रदर्शन असा आहे आणि प्रवेशाला मूल्य नाही. सोमवारी दालने बंद असतात. अशा दोन जवळच्या जागांची जोडी हाताशी ठेवणे, हे लंडनमध्ये काम करणाऱ्या पाहुण्याचे पहिले शहाणपण.

थेम्सच्या दक्षिण काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा आहे. महायुद्धाने थकलेल्या देशाला उभारी देण्यासाठी १९५१ मध्ये झालेल्या महोत्सवातून तो जन्माला आला. पूर्वी तिकीटधारकांना कार्यक्रमाच्या वेळीच आत शिरता येई. १९८३ मध्ये तत्कालीन ग्रेटर लंडन कौन्सिलने त्याची विस्तीर्ण दालने दिवसभर सर्वांसाठी, विनाशुल्क उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला. तीनच वर्षांनी ते कौन्सिल बरखास्त झाले. दार मात्र उघडेच राहिले. आज तेथे एका टेबलावर शाळकरी मुले गृहपाठ करतात, शेजारी कोणी वृद्ध जोडपे घरून आणलेला डबा खाते आणि पलीकडे कोणी दूरस्थ बैठकीत असते. तिघांना कोणी विचारत नाही. त्याच काठावरचे नॅशनल थिएटर आणि नदीपलीकडचे बार्बिकन केंद्र यांच्या दालनांतही असेच बसता येते. नाट्यगृहांची दालने संध्याकाळी प्रेक्षकांनी भरतात, हे ध्यानात ठेवावे.

याखेरीज प्रत्येक विभागाची स्थानिक ग्रंथालये आहेत. बसण्यासाठी सभासदत्व लागत नाही. बार्बिकनमधील ग्रंथालय, गिल्डहॉलजवळचे व्यवसायविषयक ग्रंथालय, व्हाइटचॅपलमध्ये २००५ साली उभारलेले 'आयडिया स्टोअर' ही त्यांतली ठळक नावे. पण यजमानांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे साधे ग्रंथालय पुष्कळदा या सर्वांहून सोयीचे ठरते.

घड्याळ कोणाचे?

जागा चांगली असून भागत नाही. ती कामाच्या वेळी उघडी असावी लागते. इथे पाहुणा कोणत्या देशाच्या घड्याळावर काम करतो यावर सारे अवलंबून आहे.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयाशी बांधलेल्यांचा दिवस लंडनमध्ये फार लवकर सुरू होतो. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. भारतातील सकाळी दहाची बैठक म्हणजे उन्हाळ्यात पहाटे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. त्या वेळी कोणतेही ग्रंथालय उघडे नसते. दिवसाचा पहिला भाग यजमानांच्या स्वयंपाकघरातच, कानात यंत्र घालून, हळू आवाजात उरकावा लागतो. मात्र भारतातील दिवस लंडनच्या दुपारी एक-दोनला संपतो आणि ग्रंथालयाचे तास उरलेल्या कामाला पुरतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी बांधलेल्यांचे नेमके उलटे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे लंडनचे दुपारचे दोन, आणि काम संपायला रात्रीचे दहा. बहुतेक ग्रंथालये संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान बंद होतात, म्हणजे दिवस ऐन भरात असताना बाहेर पडावे लागते. अशांनी शांतता लागणारे काम दुपारी ग्रंथालयात करावे आणि बैठका संध्याकाळनंतर घरी घ्याव्यात. न्यूयॉर्कच्या बैठका दुपारी एकनंतर ठेवण्याची विनंती आधीच करून ठेवली तर हे जमते. आखाती देशांतून आलेल्यांना ही अडचण सर्वांत कमी जाणवते. दुबई उन्हाळ्यात तीन आणि हिवाळ्यात चारच तास पुढे असते.

बोलण्याची किंमत

सार्वजनिक जागा एक गोष्ट देऊ शकत नाहीत: मोठ्याने आणि खासगी बोलण्याची मुभा. ग्रंथालयात बोलणे निषिद्ध, दालनात बोलता येते पण शेजाऱ्याच्या कानांसमोर. बँक, आरोग्य, कायदा किंवा मनुष्यबळ या क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी हा शिष्टाचारापुरता मुद्दा नाही. ग्राहकाचे नाव मोठ्याने उच्चारणे, पडदा उघडा ठेवून चहा आणायला जाणे किंवा कंपनीच्या सुरक्षित जोडणीशिवाय सार्वजनिक वाय-फायवर फाइली उघडणे, यांतील कोणतीही चूक नोकरीवर बेतू शकते. नियोक्त्याने कोणत्या देशातून काम करण्यास संमती दिली आहे, हेही लेखी असलेले बरे.

सामायिक कार्यालयांचा, म्हणजे कोवर्किंगचा, उपयोग येथे होतो. या धंद्याने मोठे चढउतार पाहिले. २०१० मध्ये स्थापन झालेल्या वीवर्कचे मूल्यांकन २०१९ च्या आरंभी ४७ अब्ज डॉलरवर पोहोचले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी कर्जाचा भार कमी करून ती त्यातून बाहेर आली. तरीही धंदा टिकून आहे, कारण त्याचा खरा माल खुर्ची हा नाहीच. खुर्ची ब्रिटिश लायब्ररीत फुकट मिळते. विकत घ्यावे लागते ते दार लावून बोलण्याचे स्वातंत्र्य. ज्या दिवशी तीन महत्त्वाच्या बैठका आहेत त्या दिवशी दैनंदिन पास घ्यावा आणि उरलेले दिवस सार्वजनिक जागेत काढावेत, हा हिशेब तीन आठवड्यांच्या मुक्कामाला परवडणारा आहे.

खुर्चीचे ऋण

येथवरचे विवेचन पाहुण्याच्या सोयीचे झाले. त्याला दुसरी बाजू आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवा पुरवणे हे स्थानिक परिषदांचे कर्तव्य ठरवले आहे. कायदा आजही आहे, पण २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात परिषदांचे अनुदान आटले आणि देशभर शेकडो ग्रंथालये बंद पडली. अनेकांचे तास कमी झाले, काही स्वयंसेवकांच्या हाती गेली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वीज आणि गॅस यांचे भाव चढले तेव्हा हीच ग्रंथालये अनेक ठिकाणी 'उबदार जागा' म्हणून जाहीर झाली. घर तापवणे न परवडणारी माणसे तेथे येऊन बसत.

त्याच खोलीत, त्याच सॉकेटजवळ डॉलर किंवा दिरहममध्ये पगार घेणारा पाहुणाही बसतो. त्याने बसू नये असे कोणी म्हणत नाही. सर्वांसाठी खुली जागा म्हणजे त्याच्यासाठीही खुली. तथापि ज्या कॅफेला तो तीन तासांचे चार पौंड देतो, त्याच्या तुलनेत ग्रंथालयाला काहीच देत नाही, आणि तेथील कराचा बोजाही त्याच्यावर नाही. म्हणून काही पथ्ये त्याने आपणहून पाळणे योग्य ठरते. शाळा सुटल्यावर मुलांची गर्दी झाली की टेबल सोडावे. पिशवी ठेवून जागा अडवू नये. ज्या वास्तूत दिवस काढला तिच्या उपाहारगृहात जेवावे, दानपेटीत काही टाकावे. ग्रंथालयांत शिरणाऱ्यांची मोजदाद अनेक ठिकाणी होते आणि अंदाजपत्रकाच्या वेळी ती मांडली जाते. त्यामुळे पाहुण्याची हजेरीही वाया जात नाही.

या जागांचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला आले, तेव्हा हाती पैसा बेताचा होता. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळी दार उघडताच पोहोचत आणि बंद होईपर्यंत बसत. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधामागे लंडनच्या ग्रंथालयांतील हे दिवस आहेत. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. म्युझियमचा तो ग्रंथसंग्रह पुढे ब्रिटिश लायब्ररीकडे आला. आज सेंट पँक्रासच्या टेबलावर लॅपटॉप उघडणारा मराठी तरुण त्याच संग्रहाच्या छायेत बसलेला असतो.

दोघांच्या परिस्थितीत अर्थातच मोठे अंतर आहे. आंबेडकरांना त्या खुर्चीवाचून पर्याय नव्हता. आजच्या पाहुण्याला अनेक आहेत. आंबेडकरांसारखा पर्याय नसलेला विद्यार्थी आजही लंडनमध्ये आहे. दोन पाळ्यांत काम करणारा, चौघांत एक खोली वाटून घेणारा, भारतातून कर्ज काढून आलेला तो मुलगा किंवा मुलगी बहुधा शेजारच्याच टेबलावर असते. तिला ती खुर्ची उद्याही मिळाली पाहिजे. आदल्या वर्षी उघडे असलेले एखादे ग्रंथालय पुढच्या भेटीत बंद दिसले, तर पाहुण्याची थोडी गैरसोय होईल. तिचे मात्र वर्ष वाया जाऊ शकते.